थोरली की धाकटी

१

मास्तर खुर्चीसकट खाली गेले.

वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावर वाचनखोली आहे. तिथे खिडकीपाशी त्यांची ठरलेली खुर्ची असायची. सकाळी दहाच्या सुमाराला धाडकन आवाज झाला, सगळे धावले, तर लाकडी जमिनीला हे एवढं मोठं भगदाड, आणि खाली कोठारात मास्तर. चष्मा नाकावर तसाच होता म्हणे. जीव मात्र गेला होता.

मी तिथे नव्हते ते बरंच झालं. मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, नंतर कुणी बोल लावायला नको. पंखा जरा जास्त हलला तरी मी खालून उठून जाते. माझी आत्या मला लहानपणापासून भागूबाई म्हणते. आईवडील गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आणि हात-पाय थकल्यावर माझं काही न ऐकता स्वतःच्या मर्जीने त्या वृद्धाश्रमात जाऊन राहिली. तिची खोली वाचनखोलीला लागूनच, मध्ये फक्त एक भिंत. आता कळलं, माझी झोप का उडाली ते?

त्यात भर म्हणजे तपास आला आमच्याकडेच. मी लाकूड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. लाकूड कुजवणाऱ्या बुरश्या ओळखायच्या, हे माझं काम. आमचं गाव बारा महिने थंड आणि ओलसर, घरं लाकडाची, त्यामुळे कामाला तोटा नाही. मास्तरांच्या पायाखालची तुळई बुरशीने पोखरली होती, इतकं तर पोलिसांनाही दिसत होतं. प्रश्न होता, कुठल्या बुरशीने.

कारण अशा दोन आहेत. लाकडावर पापुद्रा धरतात, मधे तांबूस, कडेला पांढऱ्या. दिसायला इतक्या सारख्या की आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. धाकटी रानातली. पडलेल्या ओंडक्यांवर, वखारीत रचलेल्या फळ्यांवर राहते, आणि ज्या लाकडावर बसली ते लाकूड सोडून फार लांब जात नाही. थोरली घरात शिरते. ओल्या भिंतीतून दोऱ्यांसारखी मुळं सोडते, त्यांतून पाणी वाहून नेते आणि कोरडं लाकूडही भिजवून खाते. कडेला पाण्याचे थेंब काढते, म्हणजे चक्क रडते, आणि भोवती आपल्या कणांची लाल धूळ उडवते. आणि भिंत मध्ये आली म्हणून ती थांबत नाही.

तुळईत धाकटी निघाली, तर ती लाकडाबरोबर आली, म्हणजे दोष सुताराचा, कारण आठ महिन्यांपूर्वी ती तुळई त्यानेच बदलली होती. थोरली निघाली, तर ती भिंतीतून आली, म्हणजे सुतार निर्दोष, आणि पुढचा नंबर माझ्या आत्याच्या खोलीचा.

आमच्याकडे दोन सीलबंद डबे आले. डबा एक: पडलेली तुळई. डबा दोन: सुताराची वखार. मी दोन आठवडे राबून दोन्ही तपासले. दोन्हीत धाकटी. मला इतकं हायसं वाटलं की मी अहवालावर सही करताना गुणगुणत होते. त्याच दुपारी सुताराला अटक झाली.

रविवारी आत्याला भेटायला गेले. तिची विणकामाची सुई कपाटामागे पडली होती.

"आणि हे बघ," ती म्हणाली, "इथे रोज लाल धूळ साचते. रोज पुसते, रोज येते. या आश्रमाची हवा चांगली म्हणे!"

मी सुई काढायला कपाटामागे मोबाईलचा उजेड पाडला. भिंतीवर, जमिनीच्या फळीपासून माझ्या गुडघ्यापर्यंत, ताटाएवढा तांबूस पापुद्रा पसरला होता. त्याच्या पांढऱ्या कडेला टपोरे थेंब लागलेले होते.

२

मी किंचाळले नाही. पहिलं काम काय केलं असेल, तर दोन्ही पाय उचलून आत्याच्या पलंगावर चढले.

"अगं, उंदीर आहे का?" आत्याने विचारलं.

"आत्या, चल. आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चल."

"तुझ्याकडे? तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि दिवसभर तू त्या बुरश्यांत. मी काय भिंती बघत बसू? भिंतीच बघायच्या तर इथल्या काय वाईट आहेत?"

"इथलीच भिंत वाईट आहे!"

ती हसायला लागली. आत्या हसायला लागली की विषय संपला, हे मला तिसाव्या वर्षीही माहीत आहे. मी तिचा पलंग ओढून दाराजवळ आणला, कारण तिथे खालून दगडी कमान होती. कपाटाकडे जायचं नाही अशी शपथ घातली. औषधाचा डबा तिने तरीही कपाटातच ठेवला. वस्तू जागच्या जागी लागतात ना बाईसाहेबांना! मग पलंगावर पालथी पडून, हात लांब करून, मी चाकूने पापुद्र्याचा तुकडा खरवडून घेतला आणि व्यवस्थापकांकडे गेले.

व्यवस्थापक म्हणजे गोरेगोमटे, सतत घाम पुसणारे गृहस्थ. कपाटाचं नाव काढताच त्यांचा रुमाल बाहेर आला.

"भिंतीत नळाची गळती आहे का?" मी विचारलं.

"होती. म्हणजे थोडीशी. आम्ही वरून रंग दिला."

"गळतीवर रंग दिला?"

"अहो, मी नंतर आलो इथे! आधीच्या व्यवस्थापकांच्या वेळी, तीन वर्षांपूर्वी, तपासून घेतलं होतं म्हणे. धोका नाही असा कागद होता फाइलमध्ये. तुमचे लोक नमुने घ्यायला आले तेव्हा मी फाइल मुद्दाम टेबलावर काढून ठेवली होती. नंतर बघतो तर कागदच नाही."

कागद नाही! सोयीचं होतं. मला त्यांचा रंग काही बरा दिसेना.

"पडलेल्या तुळईचा राहिलेला भाग दाखवा," मी म्हटलं.

"जाळला. तुमच्याच साहेबांनी सांगितलं, बुरशी पसरेल, ताबडतोब जाळा."

हे मात्र बरोबर होतं, आम्ही सगळ्यांना तेच सांगतो.

"ते राहू द्या. वरचा मजला आजच रिकामा करा," मी म्हटलं.

आता त्यांनी रुमाल खिशात ठेवला. खणातून एक कागद काढला आणि माझ्यासमोर सरकवला. "बारा म्हातारी माणसं मी कुठे हलवू? आणि का हलवू? हे वाचा ना. इमारतीच्या इतर भागाला धोका नाही. खाली सही कुणाची आहे?"

सही माझी होती.

३

सोमवारी साहेबांसमोर उभी राहिले. आमचे साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. मला सूक्ष्मदर्शकात बघायला त्यांनीच शिकवलं. मी चुकले तरी त्यांचा आवाज कधी चढला नाही. एकच वेडेपणा होता त्यांचा. लाकडाचं काहीही दिसलं, टेबल, दार, खुर्ची, की बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे आणि कान लावून म्हणायचे, "बोल बाई, बोल." आम्ही त्यांच्यामागे त्यांची नक्कल करायचो.

मी सगळं सांगितलं. ते टेबलावर टकटक करत राहिले, पण आज "बोल बाई" काही आलं नाही.

"थेंब धाकटीलाही येतात कधीकधी," शेवटी ते म्हणाले. "घाबरून निष्कर्ष काढू नकोस. तपास लाव. तोवर कुणाजवळ बोलू नकोस, आश्रमात उगाच पळापळ होईल."

तपास म्हणजे उबेचा. या दोन बहिणींत खात्रीचा फरक तोच. बावीस अंशांवर दोघी छान वाढतात. तीस अंशांवर धाकटी वाढते, थोरली रुसून बसते, एक रेघही पुढे सरकत नाही. कपाटामागचा तुकडा मी काचेच्या प्लेटांवर लावला आणि उबेच्या पेटीत ठेवला. तीस अंश. सहा दिवस थांबायचं.

सहा दिवस! मी रोज आत्याला तीन-तीन फोन करत होते. "जिवंत आहे गं," ती फोन उचलताच म्हणायची.

बुधवारी या प्रकरणाच्या फौजदारबाईंना गाठलं. उंच, कमी बोलणारी बाई. साहेबांनी बोलू नकोस म्हटलं होतं, म्हणून मी चाचरतच विचारलं, सुताराला भेटू का. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि दार उघडून दिलं.

सुतारकाका साठीचे. कोठडीत बसून बोटांनी बाकाची कड चाचपत होते. सवयच ती.

"ताई, ती तुळई मी स्वतः निवडली. ठणठणीत होती. भिंत ओली आहे, आधी भिंतीचं बघा, हे मी व्यवस्थापकांना दोनदा सांगितलं."

"पण तुमच्या वखारीत बुरशी लागलेली फळी सापडली, काका."

"असेल की. मागच्या अंगणात टाकाऊ तुकडे पावसात पडलेत. पण ते मी चुलीलाही वापरत नाही, तुळईला कुठून वापरू?" त्यांनी हात पुढे केले. "तुळईचा तो तुकडा मला एकदा दाखवा. आणि वखारीतला पण. माझ्या हातचं लाकूड मी ओळखतो."

"तसं नाही करता येत, काका. दोन जागचे नमुने आम्ही कधीच एकत्र काढत नाही. एकीचे कण उडून दुसरीवर बसले तर सगळा तपास वाया. डबा एक सोमवारी, डबा दोन मंगळवारी, टेबल मधे धुवायचं. तसा नियमच आहे."

"असं होय," ते म्हणाले आणि हात परत बाकाच्या कडेवर ठेवले.

शनिवारी सहावा दिवस होता. पेटी उघडली. थोरली रुसलेली असणार, हे मी मनाशी धरून चालले होते. पण प्लेट पांढऱ्या तंतूंनी काठोकाठ भरली होती. तीस अंशांवर वाढली, म्हणजे धाकटी. म्हणजे आत्याला धोका नाही! मला आनंदाने रडूच फुटलं.

आणि मग माझं लक्ष कोपऱ्यातल्या थर्मामीटरकडे गेलं. पेटीच्या आकड्यावर माझा विश्वास नसतो, म्हणून मी आत माझा एक वेगळा ठेवते. सगळे त्यावरून मला हसतात. पेटीचं बटण तीसवर होतं. माझा थर्मामीटर एकवीस दाखवत होता.

४

पेटीमागे वाकून पाहिलं. तापवायची वायर सुटलेली होती. आपोआप सुटते का वायर? सुटतही असेल. पण तिचा स्क्रू खाली जमिनीवर पडलेला नव्हता, तो फळीवर नीट उभा करून ठेवला होता.

खुर्चीत बसले, मग उठून दार आतून लावून घेतलं.

या खोलीच्या किल्ल्या तिघांकडे. सफाईच्या मावशी, साहेब आणि मी. मावशींना विचारलं तर त्या उसळल्या. "मी पेटीमागे हात घालते काय? तिथे पाल आहे! आणि मी मंगळवारपासून रजेवर होते, लेकीकडे." शिवाय गुरुवारी व्यवस्थापक आले होते, अहवालाची आणखी एक प्रत मागायला, आणि अर्धा तास बाहेर ताटकळत होते. दार उघडं असताना आत आले असतील का? त्यांना ही पेटी काय कळते, हा प्रश्न होताच. तरी मी जीव तोडून व्यवस्थापकांवरच संशय घेत राहिले. कारण त्यांना वगळलं की उरत होते कोण, ते मला मोजायचंच नव्हतं.

वायर जोडून प्लेटा पुन्हा लावायच्या, तर आणखी सहा दिवस. आत्याच्या पायाखाली सहा दिवस होते की सहा तास, कुणाला ठाऊक? दुसरं काही हाती होतं का? होतं. कुलपातल्या फडताळात डबा एक आणि डबा दोन, उरलेल्या तुकड्यांसकट.

सुतारकाकांचे पुढे केलेले हात आठवले.

नोकरीच्या नऊ वर्षांत मी हा नियम एकदाही मोडला नव्हता. तरी फडताळाचं कुलूप उघडलं. मी दोन्ही डबे आणले, एकाच टेबलावर ठेवले आणि दोन्हींची झाकणं उघडली. डबा एकमधला तुकडा माझ्या पंजाएवढा, डबा दोनमधलाही तेवढाच. कुजल्यावर या लाकडाला उभ्या-आडव्या भेगा पडतात, चौकोन चौकोन होतात. मी एकाच्या भेगा पाहिल्या, मग दुसऱ्याच्या. मग एक तुकडा फिरवून दुसऱ्याजवळ नेला.

ते बसले. तुटक्या कपाचा कान जसा कपाला बसतो, तसे बसले. भेगेला भेग मिळाली, लाकडाची रेष या तुकड्यातून त्या तुकड्यात सरळ गेली. मधोमध एक खिळ्याचं अर्धं भोक इकडे, अर्धं तिकडे.

तुळईचा तुकडा आणि वखारीतला तुकडा एकाच फळीचे होते. एक फळी हाताने मोडून दोन डब्यांत टाकली होती. डबा एकमध्ये तुळई कधी आलीच नव्हती! आम्ही बुरशीला बुरशी ताडून पाहिली, दोन आठवडे पाहिली. लाकडाला लाकूड लावून कुणी पाहिलंच नाही.

मग मी विचार केला, अगदी हळूहळू, कारण पुढे काय येणार ते मला दिसत होतं. हे ज्याने केलं त्याला थोरली आणि धाकटी नजरेने ओळखता येत होत्या, नाहीतर वखारीतून नेमका धाकटीचाच तुकडा उचलला नसता. आणि दोन्ही डबे आमच्याकडे कधीच एकत्र उघडणार नाहीत, याची त्याला पक्की खात्री होती. व्यवस्थापकांना यातलं काय ठाऊक असणार?

डब्यांची सीलं मी स्वतः कापली होती. अखंड होती. सीलावर सही होती ती नमुने स्वतः जाऊन गोळा करणाऱ्याची. बरोबरच्या शिपायाला बुरशीची किळस, तो गाडीतच बसून राहिला होता.

एकत्र न उघडण्याचा नियमही ज्यांचा, सहीही त्यांचीच.

५

का पण? साहेबांनी का करावं हे? मुंगी चावली तरी झटकून टाकणारा, मारणारा नव्हे, असा माणूस. मी उलटसुलट करून पाहिलं, काही केल्या बसेना. आणि मग आठवलं. कपाटामागे काय आहे हे मीच त्यांना सोमवारी सांगितलं होतं.

आत्याला फोन लावला.

"जिवंत आहे गं."

"आत्या, नीट आठवून सांग. तीन वर्षांपूर्वी तुझ्या खोलीची भिंत तपासायला कुणी आलं होतं का?"

"आला होता की. मी तेव्हा नवीनच होते इथे. चांगला माणूस होता. भिंग लावून पाहिलं, पाच मिनिटं. मग फळीवर टकटक केलं आणि मला म्हणाला, बोल बाई, बोल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला काय ठाऊक तो फळीला म्हणतोय!" आत्या हसत होती. "मी आपलं बोलले. तुझं सांगितलं, माझ्या गुडघ्यांचं सांगितलं. तो बिचारा ऐकून घेत होता. मग कागदावर काहीतरी खरडलं आणि गेला. धोका नाही म्हणाला."

पाच मिनिटं आणि एक भिंग. उबेचा तपास नाही, प्लेट नाही, काही नाही. थोरलीला धाकटी म्हणून मोकळे झाले होते ते. आणि तिने तीन वर्षं भिंतीच्या दोन्ही बाजूंनी निवांत खाल्लं. एका बाजूला मास्तर बसायचे. दुसऱ्या बाजूला...

"आत्या, पलंगावरून हलू नकोस. मी येतेय."

"अगं, एवढं काय? आणि गंमत सांगते, तुला आधीच चाहूल लागली की काय! तोच आलाय ना आत्ता. केव्हाचा दारात उभा आहे. हातात पोतं आहे, खरवडणी आहे. मी म्हणते आत या, तर येत नाही."

६

फौजदारबाईंना मी वाटेतूनच फोन केला. काय बोलले ते मला आठवत नाही. त्या म्हणतात, मी फक्त "तुकडे बसले, तुकडे बसले" म्हणत होते. तरी त्या माझ्या आधी पोचल्या, याबद्दल त्यांना शंभर सलाम. त्या खाली थांबल्या होत्या, जिना आम्ही एकदमच चढलो. मागून व्यवस्थापक, रुमाल हातात.

साहेब दारातच होते. उंबऱ्याच्या बाहेर, अगदी बाहेर. पायांची बोटंसुद्धा आत नव्हती. आत्या पलंगावर बसून विणत होती.

"अगं, तू कशाला आलीस?" ते नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले. "मीच नवा नमुना घ्यावा म्हटलं."

"मग घ्या ना," फौजदारबाई म्हणाल्या.

"आजींची विश्रांतीची वेळ आहे."

"मी कसली विश्रांती घेतेय? अर्धा तास हेच चाललंय," आत्या म्हणाली.

मी पिशवीतून दोन्ही तुकडे काढले आणि त्यांच्यासमोर जोडून धरले. साहेबांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा पडला, पण आवाज तसाच राहिला.

"दोन डबे एकत्र उघडलेस? मी हे शिकवलं होतं तुला? आता या नमुन्यांना काही किंमत राहिली नाही."

"बुरशीच्या तपासाला नसेल. फळी एकच आहे, साहेब."

"लाकडं सारखी दिसतात." ते फौजदारबाईंकडे वळले. "मुलगी घाबरट आहे, सगळ्यांना माहीत आहे. आत्यासाठी जीव खालीवर झालाय तिचा. अहवाल तुमच्याकडे आहे. ही खोली सुरक्षित आहे."

"पूर्ण?"

"पूर्ण."

मी ठरवून आले होते की त्यांना सांगायचं, मग तिथे कपाटापाशी जाऊन उभे राहा. शब्द जिभेवर होते. पण माझ्या आधी आत्याच उठली.

"चला, एवढा शिकलेला माणूस सांगतोय, सुरक्षित आहे. भागूबाई, तुझी शपथ संपली. माझी बाराची गोळी राहिलीय." आणि काठी टेकत ती कपाटाकडे निघाली.

मला ओरडायचं होतं. पाय जमिनीला खिळलेले. एक पाऊल. दुसरं. फळी कुरकुरलीही नाही, कुरकुरायला आत लाकूड कुठे होतं? तिसरं पाऊल टाकायला आत्याने पाय उचलला.

"आजी, नको!" साहेब किंचाळले. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "पुढे पाय ठेवू नका! तिथे काही उरलेलं नाही! मागे फिरा, मागे!"

आत्या दचकून थांबली. पाय मागे घेतला, पण काठी पुढे पडायची ती पडलीच. फळीत ती मुठीपर्यंत गेली, आवाज न करता. मग आत्याच्या हातातून सुटली आणि खाली कोठारात खडखडत पडली.

तेव्हा कुठे माझे पाय सुटले. मी पलंगावर आडवी होऊन तिचा दंड धरला आणि दोघी गादीवर कोसळलो. आत्या पहिल्यांदाच हसत नव्हती. माझा हात तिने इतका घट्ट धरला की चार दिवस वळ होते.

"सुरक्षित खोली," फौजदारबाई हळूच म्हणाल्या. "तिथे काही उरलेलं नाही, हे तुम्हाला कसं माहीत, साहेब?"

साहेब उंबऱ्याबाहेर खाली बसले. पोतं मांडीवर होतं. "मास्तर पडले त्या दिवशी भगदाडात पाहिलं," ते म्हणाले. "थोरली होती. भिंतीतून आलेली. पाहताक्षणी ओळखली. तीन वर्षांपूर्वी ओळखली नाही. घाई होती, आमच्या वहीत नोंदही केली नव्हती. फाइलमधला माझा कागद मी उचलला. मला वाटलं, सगळं थंड झालं की नळाचं निमित्त करून मजला रिकामा करवून घेईन. रोज उद्या म्हणत होतो." मग माझ्याकडे वर बघून म्हणाले, "तू रागावलीस ना?"

मला राग येत नव्हता. मला त्यांची भीती वाटत होती, आणि नऊ वर्षं ज्यांच्या शेजारच्या खोलीत मी निर्धास्त बसले त्यांची भीती वाटावी, याचं रडू येत होतं. बाकी काही नाही.

७

त्याच दिवशी मजला रिकामा झाला. व्यवस्थापकांनी बाराही जणांना खाली जेवणघरात हलवलं. त्यांना जागा कशी सापडली ते त्यांचं त्यांना माहीत. नंतर फळ्या उचलल्या तेव्हा थोरलीच्या दोऱ्या आत्याच्या पलंगाच्या जुन्या जागेच्याही पुढे गेलेल्या निघाल्या. आत्या आता माझ्याकडे आहे. जिन्यावरून मला शिव्या घालत चढते.

पण मला सांगायचंय ते चौकीतलं. सुतारकाकांना सोडायचे कागद तयार होत होते. फौजदारबाईंनी ते दोन तुकडे टेबलावर ठेवले होते, जरा लांब लांब. काकांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, साहेबांचंही नाही. ते येऊन बसले. तुकड्यांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि हात आपोआप पुढे झाले. डाव्या हातात एक, उजव्या हातात एक. उजवा फिरवला आणि डाव्याला लावला. एवढ्याला किती वेळ लागला असेल? मला चष्मा पुसायलाही जास्त लागतो.

"ही तर एकच फळी आहे," ते म्हणाले. "माझ्याच मागच्या अंगणातली. कुणी मोडली?"

त्यांनी तुकडे खाली ठेवले, हातांची धूळ झटकली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, विचारायचं म्हणून.

"ताई, बुधवारी मी हेच मागितलं होतं ना तुमच्याकडे?"

मागितलं होतं. आणि मी त्यांना नियम सांगितला होता.